सहा पतसंस्थांसाठी स्वतःचा क्लाउड: ओपन सोर्समधलं नेमकं काय काय लागेल?

परळकर:
नमस्कार. लालबाग-परळमधल्या सहा पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं मित्र सांभाळतो. प्रत्येकीचा सर्व्हर तळमजल्यावर, टेबलाखाली. आता महापेला अर्धा रॅक (सर्व्हर ठेवायचं कपाट) भाड्याने घेऊन सगळं तिथे न्यायचंय. तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकी १२ टीबी डिस्क. संस्थेला स्वतः लॉगिन करून व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारा वेगळा संगणक) बनवता यावं, वापराप्रमाणे बिल निघावं. ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) वाचायला घेतलं. नोव्हा, न्यूट्रॉन, सिंडर, ग्लान्स, कीस्टोन... त्याचे हे सगळे भाग लागतातच का?

ऐरोली_रात्रपाळी:
दादा, अकरा वर्षं रात्रपाळीला हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हर्च्युअल मशीन चालवायला केव्हीएम, ते २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. त्याच्या डोक्यावर सगळं हाकणारं काहीतरी हवं. ओपनस्टॅक उत्तम आहे, सर्नसारखी (युरोपातली अणुसंशोधन) संस्था ते चालवते, पण तिथे त्यासाठी वेगळी टीम आहे. तुम्ही दोघं आहात. अपाची क्लाउडस्टॅक घ्या. मशीन, नेटवर्क, खाती, कोटा आणि वापराची नोंद एकाच जागी मिळते. बिलाचा कागद मात्र त्या नोंदींवरून तुम्हालाच बनवावा लागेल.

साठवणीला सेफ (Ceph), म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठवण बनवणारं सॉफ्टवेअर. इथे हिशोब नीट करा. ३६ टीबी दिसतात, पण प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवल्या की उरतात १२. त्यातही ८५ टक्के भरलं की ते इशारे देऊ लागतं, म्हणून हातात १०च धरा.

सेफचे मॉनिटर, म्हणजे साठवणीची स्थिती बहुमताने ठरवणारे प्रोग्राम, तीन ठेवा, दोन कधीच नको. एका जुन्या नोकरीत आम्ही दोन ठेवले होते. पावसाळ्यात एका रॅकचा यूपीएस गेला, एक मॉनिटर पडला. दुसऱ्या रॅकमधल्या डिस्क धडधाकट होत्या, पण दोनातल्या एकाचं बहुमत होत नाही, म्हणून सगळी साठवण थांबली. पहाटे चारपर्यंत ग्राहकांचे फोन घेत होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

बॅकअप त्याच रॅकमध्ये नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनचं काय झालं ते मी पाहिलंय. आणि क्लाउडस्टॅकच्या नोंदी ठेवणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसचाही रोज बॅकअप घ्या. तो डेटाबेस गेला तर डिस्क शाबूत राहतील, पण कुठली डिस्क कोणाची हेच कळणार नाही.

कुर्ला_नेटवर्क:
सहमत. भर इतकीच: तिन्ही सर्व्हरची घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवा. ०.०५ सेकंदाहून जास्त फरक पडला की सेफचे मॉनिटर तक्रार करतात. नजर ठेवायला प्रोमिथियस आणि ग्राफाना. लायसन्सही बघत जा. २०२३मध्ये टेराफॉर्मचं (सर्व्हर उभारणीचं साधन) बदललं, म्हणून त्याची खुली आवृत्ती ओपनटोफू निघाली. २०२४मध्ये रेडिस या डेटाबेसचं, म्हणून वाल्की.

संस्थांना नुसतं चालू-बंदच करायचं असेल तर प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर भागेल, निम्मं काम वाचेल.

परळकर:
नाही, दोन संस्थांना स्वतः मशीन बनवायचंय. क्लाउडस्टॅकच घेतो. बॅकअपला चौथं मशीन आमच्या परळच्या ऑफिसात चालेल? हिंदमाताला पाणी भरतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत.

ऐरोली_रात्रपाळी:
चालेल, फक्त तिथली प्रत एन्क्रिप्ट करा. लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे तो. आणि पहिली संस्था हलवण्याआधी चालत्या सर्व्हरची पॉवर केबल उपटून बघा. मशीन दुसरीकडे उभं राहतं का, किती वेळात, ते लिहून ठेवा.

परळकर:
रविवारी महापेला जातोय. केबल उपटून इथेच कळवतो.