डागाळलेले पान चित्रात घ्यावे का?

रेघोटी:
नमस्कार. गेली बारा वर्षे मी छंद म्हणून वनस्पतींची चित्रे काढते. या चित्रकलेची एक शिस्त असते. समोर दहा पाने ठेवायची, एकाचा आकार घ्यायचा, दुसऱ्याचे टोक, तिसऱ्याच्या शिरा, आणि कागदावर असे अकरावे पान उतरवायचे, जे त्या झाडावर कुठेच नसते. चित्राचा उपयोग वनस्पती ओळखण्यासाठी होत असल्यामुळे कीड, डाग, फाटलेली कड यांना त्यात जागा नसते आणि मलाही त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

मागच्या आठवड्यात टाकून द्यायच्या पानांच्या ढिगात एक पान हाताला लागले. त्यावर नागअळीने कोरलेली वळणावळणाची पांढुरकी वाट होती. भिंगाखाली पाहिल्यावर लक्षात आले, की ती सुरुवातीला केसाएवढी बारीक आहे आणि पुढे हळूहळू रुंद होत गेली आहे, कारण पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकणारी अळी स्वतःच मोठी होत होती. वाटेच्या मधोमध तिच्या विष्ठेची काळी, तुटक रेघ होती. पानाच्या मधल्या जाड शिरेपर्यंत येऊन ती वळली होती आणि शिरेच्या कडेकडेने बरीच खाली उतरली होती. मी तासभर ते पान पाहत बसले. निवडून ठेवलेली निर्दोष पाने तेवढ्या वेळात कोमेजून गेली.

माझा प्रश्न असा आहे, की निसर्गातल्या उणिवांमध्ये सौंदर्य खरोखरच असते, की निर्दोष वस्तू हाती लागत नाही म्हणून आपण करून घेतलेली ती एक समजूत आहे? या विषयावर गोड गोड बरेच वाचले आहे. त्यापेक्षा कोणी आपल्या विषयातले उदाहरण देऊन बोलले तर अधिक उपयोग होईल.

स्फटिक:
मी खनिजांचा अभ्यासक आहे, तेव्हा तेवढ्यापुरतेच बोलतो. कुरुंद हे खनिज म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. ते अगदी शुद्ध असेल तर रंगहीन असते. त्याच्या जडणघडणीत अ‍ॅल्युमिनियमच्या काही थोड्या अणूंची जागा क्रोमियमने घेतली, अगदी एखाद्या टक्क्याच्या आसपास, की त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम शिरले तर नीलम म्हणतो. हिऱ्याचेही तेच आहे. नायट्रोजनमुळे तो पिवळसर होतो आणि बोरॉनमुळे निळा. ४५.५२ कॅरटचा सुप्रसिद्ध होप हिरा निळा आहे तो बोरॉनमुळेच, आणि तेही दहा लाख अणूंमागे मोजक्याच अणूंमुळे.

आता यात उणीव कशाला म्हणायचे? माणकातून क्रोमियम वेगळे काढता आले, तर मागे उरेल त्या स्वच्छ खड्याला माणिक म्हणून कोणी विचारणार नाही. काही नीलमांमध्ये रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया तीन दिशांनी रचलेल्या असतात. त्यांच्यामुळे खडा धूसर दिसतो, पारदर्शकतेच्या कसोटीवर तो नापासच ठरावा. पण त्याला पैलू न पाडता घुमटाकार घडवला आणि उजेडात धरला, तर पृष्ठभागावर सहा किरणांचा तारा उमटतो. म्हणजे एकाच सुईला एक पारखी दोष म्हणतो आणि दुसरा तिच्यासाठीच खडा निवडतो. सुईला मात्र यातले काहीच ठाऊक नसते.

उत्तररात्र:
रेघोटी, तुमच्या त्या ‘अकराव्या पाना’वरून मला हिमकण आठवले. हिमकण म्हटला की आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर सहा सारख्या फांद्यांची नाजूक चांदणी येते. हे चित्र रूढ होण्यात विल्सन बेंटली यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी ५,००० हून अधिक छायाचित्रे काढली. काम विलक्षण चिकाटीचे होते, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण त्यांना समतोल, रेखीव स्फटिक आवडत आणि त्यांची निवडही त्याच बाजूला झुकलेली होती. स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसावा म्हणून ते निगेटिव्हवरील भोवतालचा लेप चाकूने खरवडून काढत असत.

प्रत्यक्षात पाण्याच्या रेणूंच्या रचनेमुळे सहा बाजूंचा कल ठरलेला असला, तरी खाली येता येता स्फटिक एकमेकांवर आदळतात, त्यांच्या फांद्या मोडतात, एका अंगाला वाफ जास्त मिळाली तर तीच बाजू अधिक वाढते, आणि ढगातले थेंब चिकटून गोठले तर सगळा आकारच खडबडीत होतो. खाली पडणाऱ्या हिमात रेखीव चांदण्या कमी आणि वेडेवाकडे कणच फार. तेव्हा ‘निर्दोष’ हा मूळ नमुना आणि बाकीच्या त्याच्या बिघडलेल्या प्रती, हा हिशेबच उलटा आहे. आधी सगळे वेडेवाकडे असते, त्यातून आपण चार नग निवडतो आणि मग उरलेल्यांना त्यांच्याच मापाने मोजतो. तुमची समजूत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण जे हाताला लागत नाही ते मुळात नमुना नव्हतेच.

कुंडीतला:
वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. मी बागकाम करतो आणि आजारी झाडाकडे पाहून कोणी ‘काय सुंदर’ म्हणाले की मला त्रास होतो.

ट्यूलिपचे उदाहरण घ्या. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार, ज्वाळांसारख्या रेषांच्या फुलांसाठी लोक वेडे झाले होते, त्यांच्या रंगांचे कारण विषाणू होता. १९२८ मध्ये डोरोथी केली यांच्या प्रयोगांतून हा संसर्ग असल्याचे स्पष्ट झाले. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पाकळीतले लाल-जांभळे रंगद्रव्य काही ठिकाणी तयारच होत नाही, तिथे खालचा पांढरा किंवा पिवळा रंग उघडा पडतो आणि आपण त्याला नक्षी म्हणतो. पण तोच विषाणू कंदाला दरवर्षी क्षीण करत जातो, त्याला पिल्ले कमी फुटतात आणि शेवटी तो वाणच संपतो. अतिशय मोलाचा मानला गेलेला ‘सेम्पर ऑगस्टस’ आज फक्त चित्रांतून उरला आहे. हल्ली मिळणाऱ्या पट्टेदार ट्यूलिपांमध्ये ते पट्टे सहसा संकरातून आलेले असतात, रोगातून नव्हे.

वाळवी लागलेल्या चौकटीला कोणी कोरीवकाम म्हणत नाही, कारण ती चौकट आपल्या घराची असते. नागअळीची वाट तुम्हाला सुंदर वाटली, कारण तुम्ही ते पान खुडून टेबलावर ठेवले होते. मी तेच पान पाहिले असते, तर शेजारची पाने उलटून पाहायला धावलो असतो. सौंदर्य आहे हे मला मान्य आहे. ते कोणाला परवडते, एवढाच माझा मुद्दा आहे.

सुळका:
कुंडीतला यांचा मुद्दा बागेत पटतो. उघड्या डोंगरावर मात्र नुकसान आणि आकार यांची फारकत करता येत नाही. कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइन नावाची झाडे आहेत. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्यांतल्या एका झाडाच्या खोडाचा नमुना घेऊन वाढीची वलये मोजली, तेव्हा त्याचे वय ४,७०० वर्षांहून अधिक निघाले. गंमत अशी, की जास्त जगणारी झाडे चांगल्या मातीतली नसतात. ती कोरड्या, निकस, वाऱ्याच्या जागी असतात. तिथे वाढ इतकी सावकाश होते, की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेले राहते आणि त्याला कूज सहजी लागत नाही. खोडाचा बहुतेक भाग मेलेला, वाऱ्याने आणि वाळूने घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि एका बाजूने सालीची अरुंद पट्टी जिवंत राहून वरच्या मूठभर हिरव्या फांद्यांना पोसत असते. त्या झाडाचा ‘बिघडलेला’ भाग वगळून चित्र काढायचे म्हटले, तर कागदावर फक्त एक पट्टी उरेल.

रेघोटी:
सर्वांचे मनापासून आभार. कुंडीतला, तुमचे वाचून लगेच उठले आणि वेलीची उरलेली पाने उलटून पाहिली. आणखी तीन पानांवर वाटा निघाल्या. ती पाने खुडली आहेत.

पहिले पान मात्र काल चितारायला घेतले. शिस्तीत बसणारे चित्र वेगळे काढीन आणि हे त्याच कागदावर शेजारी, मूळ मापात. हिरवा रंग भरताना वाटेची जागा कोरी सोडायची असे ठरवले होते, पण ती कोरी नाहीच. वरच्या पापुद्र्यामुळे तिला किंचित चंदेरी झाक आहे आणि ती अजून मला साधत नाही. वाट जिथे सर्वांत रुंद होऊन संपते, तिथे भिंगातून एक अर्धगोल चीर दिसली. अळी बहुधा तिथूनच बाहेर पडली असावी. आधीच्या तासाभरात ती माझ्या नजरेतून सुटली होती.