अनुभव धागा : घरी आजवर न सांगितलेला उद्योग आणि त्यातला जोडीदार

गेल्या रविवारी आई माझ्या हनुवटीकडे बघत म्हणाली, "आता तरी खरं सांग, ही खोक पायरीवर पडून झालेली नाही ना?" मी पन्नाशीला टेकलोय, ती अठ्ठ्याहत्तरची. तरी तोंडातून तेच जुनं उत्तर बाहेर पडलं, "पायरीच होती."

पायरी होतीच. फक्त घराची नव्हती, विहिरीची होती.

साल 1985, मे महिना, वाईजवळचं आजोळ. जोडीदार टिल्या. हे गावातलं नाव, खरं लिहिलं तर तो मारेल. दोघंही नऊ वर्षांचे आणि दोघांचंही पोहणं अर्धवट. म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला असला की आम्ही पट्टीचे पोहणारे. आजोबांचा नियम होता, काठावर मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. त्या दुपारी जेवणं झाली, ओसरीवर घोरणं सुरू झालं आणि आम्ही डबा उचलला. डबा एक, पोरं दोन. पहिला नंबर टिल्याचा. त्याने काठावरून मुटका मारला, कपारीतले पारवे फडफडत उडाले, आणि बघतो तर डबा एकीकडे, टिल्या एकीकडे. दोराची गाठ सुटली होती. टिल्या एकदा वर आला, माझ्याकडे बघून हसला आणि खाली गेला. डबा पाठीवरच आहे असं त्याला वाटत होतं, म्हणून हसला.

मी पायऱ्यांवरूनच उडी टाकली, डबा त्याच्याकडे ढकलला, मग त्याने मोटारीचा पाइप धरला. हनुवटी दगडावर आपटल्याचं बाहेर आल्यावर कळलं. एकदांडीचा पाला चुरगळून त्यावर दाबला, रक्ताचा सदरा तिथेच धुतला आणि तो वाळेपर्यंत आंब्याखाली उघडे बसून राहिलो. थोडक्यात, मी टिल्याचा जीव वाचवला आणि चाळीस वर्षं अवाक्षर काढलं नाही.

अट एकच. घरी न सांगितलेलं लिहा, आणि जोडीदाराला विसरू नका.

नगरी

डबा म्हणजे श्रीमंती झाली! आमच्याकडे सुका भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचं वाळकं लाकूड. भोपळ्याचा तोटा असा की मुटका चुकला तर तो फुटतो, आणि आजी रात्री विचारते की भोपळा कुठंय. बाकी सवडीने लिहितो. (लिहिणार नाही, मला माहीत आहे.)

बार्शीकर

आमचा उद्योग म्हणजे मरायची तयारी. 11 जुलै 1979, स्कायलॅब पडायची रात्र.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेने 1973 साली आकाशात सोडलेली ही प्रयोगशाळा, वजन सत्तर टनांच्या वर. ती खाली येणार हे नक्की, कुठे ते कुणालाच सांगता येईना. आमच्या गावापुरता अर्थ एवढाच की ती आमच्यावर पडणार. आठवडाभर गावाने कोंबड्या कापल्या. वाण्याकडे उधारी वाढली, कारण फेडायची कुणी आणि कुणाला? आमच्या मास्तरांनी गृहपाठ देणं थांबवलं नाही, याचा मात्र तेव्हा फार राग आला होता.

मी आणि माझा दोस्त, दोघं अकरा वर्षांचे. ठरलं की मरायचंच तर बरोबर मरू. अंथरुणातून उठून, घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळाच्या धाब्यावर चढलो. आभाळ भरून आलेलं, एक चांदणी दिसेना. बरोबर चार शेंगदाण्याचे लाडू, तेही त्याच्या आईच्या डब्यातून न विचारता आणलेले. दोन-दोन खाल्ले. मग तो गंभीर आवाजात म्हणाला, "आता मरायचंच हाय तर सांगतो. तुझ्या सतरा गोट्या मीच घेतल्यात." मला भरून आलं. मीही सांगून टाकलं की त्याच्या पतंगाचा मांजा उंदराने नाही, मीच तोडला होता. एकमेकांना माफ केलं, गळ्यात गळे घातले आणि तिथेच झोप लागली.

सकाळी पुजाऱ्याने काठीने ढोसून उठवलं. जग जागेवर होतं. स्कायलॅबचे तुकडे आपल्या वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारासच हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडून गेले होते. म्हणजे आम्ही माफी मागत होतो तेव्हा धोका बहुतेक टळलेला होता. देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता मी गोट्या मागितल्या. तो म्हणाला, आधी मांजा दे. पंधरा दिवस बोलत नव्हतो.

दोस्त आता पुण्यात असतो, दर महिन्याला भेटतो. गोट्या अजून बाकी आहेत.

काजूगर

आजीने वाळत घातलेल्या काजूबिया चोरून मांगरात (म्हणजे शेतीच्या सामानाच्या खोपीत) जुन्या पत्र्यावर भाजल्या. बियांना तेल सुटतं, ते पेट घेतं, हे माहीत होतं. ते उडतं हे माहीत नव्हतं. शिवाय मित्राला धीर नाही, त्याने अर्धी भाजलेली बी दातांनी फोडली. ते बघून मीही फोडली, मैत्री म्हणजे मैत्री. दुसऱ्या दिवशी दोघांचे ओठ उतून एकाच मापाचे झाले. आजी म्हणाली, "मेल्या, तोंडाक काय झाला?" मी म्हटलं, मिरची. तिने काही न बोलता खोबरेल लावलं आणि मित्राच्या घरीही वाटीभर पाठवलं. आता हे लिहिताना कळतंय, वाटी का पाठवली ते.

वऱ्हाडी ठेचा

शकुंतला! म्हणजे आमची मूर्तिजापूर-यवतमाळ आगगाडी. दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली लाइन, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाची कणी जाणारच, मग मित्राने पापणी उलटवून फुंकर मारायची. आमच्या मैत्रीचा निम्मा काळ त्यातच गेला.

चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोट्टे खाली उतरत, रुळाच्या कडेची बोरं तोडत आणि धावत जाऊन मागचा डबा पकडत. (आज माझा मुलगा असं करेल तर मी त्याची तंगडी तोडेन.) एकदा माझा पाय खडीत सरकला. तो चढला, मी राहिलो. गाडीने वेग घेतला. मी बघतच राहिलो, तर तो दारातून माझ्याकडे बघतोय, आणि मग त्याने खाली उडी मारली. म्हटलं, "काहून उतरला बे?" तर म्हणे, "घरी एकट्यानं काय सांगू?"

दोघांची दप्तरं यवतमाळला पोचली, आम्ही रुळाने चालत घरी. खिसे बोरांनी भरलेले, ती वाटेत संपली. दप्तरं दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीने आली. गार्डने ती आमच्या मास्तरांच्याच हातात दिली, त्यापुढचं लिहीत नाही.

चाळीतली

मुलींचं कुणी लिहीत नाहीये, म्हणून मी.

लालबाग, 1981, अनंत चतुर्दशी. आम्ही दोघी चौथीत. दोघींचे वडील एकाच गिरणीत, साळखात्यात (विणकामाच्या खात्यात), आणि आमच्या खोल्या समोरासमोर. तिच्या घरी सांगितलं की माझ्याकडे आहे, माझ्या घरी सांगितलं की तिच्याकडे आहे, आणि मिरवणुकीमागे चालत सुटलो. गिरगावची चौपाटी बघायचीच होती. भायखळ्याला पोचेपर्यंत गुलालाने डोळे चुरचुरत होते आणि गर्दीत माझी डाव्या पायाची चप्पल गेली. मी रडायला लागले. चप्पल नवी होती, आई विचारणार. तिने काय करावं? स्वतःची डावी चप्पल काढून गर्दीत भिरकावली. "आता दोघींची गेली. सांगू, चाळीतल्या कुत्र्याने पळवल्या." एकेका पायात चप्पल घालून, दुसरा पाय उचलत उचलत परत आलो. चौपाटी राहिलीच.

18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. आम्हाला सुरुवातीला मजा वाटली, दोघींचे बाबा दिवसभर घरी! मग भोंगा नाही, पगार नाही. समोरच्या खोलीतली भांडी विकायला निघाली तेव्हा मजा संपली. परीक्षा झाल्यावर ते राजापूरकडच्या गावी गेले. संप मिटला की येतो, असं सांगून गेले. तो संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही.

आता तिथे टॉवर आहे. राजापूरकडचं कुणी वाचत असेल आणि घरात कुणाला एका चप्पलची गोष्ट माहीत असेल, तर मला कळवा.

धागाकर्ता

हे सगळं वाचून काल टिल्याला फोन लावला. विहिरीचं इथे लिहिलंय म्हटल्यावर त्याने वाचून दाखवायला सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "गाठ मारली कुणी होती?" मी म्हटलं, तू. तो म्हणाला, "माझ्या पाठीवर मी कशी मारीन रं? तूच मारलीस. आणि पाइप धरून बसलेला तू. तुला मी पायऱ्यांपर्यंत आणला. हनुवटी फुटली ती तवा."

अर्धा तास वाद झाला. त्याच्या मते डबा माझ्याकडे पोहोचलाच नाही, तो दुसऱ्या दिवशी त्याने गळ टाकून काढला. गळ टाकल्याचं मलाही आठवतंय, ही पंचाईत.

येत्या मे महिन्यात जागेवर जाऊन निकाल लावायचं ठरलंय. विहिरीला आता लोखंडी जाळी आहे आणि कुलपाची किल्ली टिल्याच्या चुलत्याकडे असते. ती कशाला पाहिजे, हे चुलत्याला काय सांगायचं, यावर सध्या गाडी अडली आहे.