किचन कॅबिनेट : बायकांचं की सल्लागारांचं?

प्रश्न : एका लेखात ‘मंत्र्यांच्या बायकांचं किचन कॅबिनेट’ असं वाचलं. मी हा शब्द नेत्याच्या खासगीतल्या सल्लागारांसाठीच ऐकलाय, इंदिरा गांधींच्या संदर्भात तर कितीदा. बायकांचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद : नाही. शब्द अमेरिकेतला, अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असतानाचा. दिवाणखान्यात अधिकृत मंत्री आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरातून शिरणारे हे लोक, असा विरोधकांचा टोमणा. त्यात एमॉस केंडल, फ्रान्सिस ब्लेअर अशी वर्तमानपत्रवाली मंडळी होती. सगळे पुरुषच.

प्रतिसाद : घोळ होतो तो त्याच काळातल्या ‘पेटीकोट प्रकरणा’मुळे. पेगी ही वॉशिंग्टनमधल्या एका लॉजवाल्याची मुलगी. नौदलात असलेला तिचा पहिला नवरा १८२८ मध्ये वारला आणि १ जानेवारी १८२९ ला तिने जॉन ईटनशी लग्न केलं. दोघांबद्दल कुजबुज आधीपासूनच होती. त्यात मार्चमध्ये ईटन युद्धमंत्री झाला! उपाध्यक्ष कॅल्हूनच्या बायकोने, फ्लोराइडने, पेगीकडे जाणं-येणं टाकलं, इतर काही मंत्रीपत्नींनी तिची री ओढली. जॅक्सनची स्वतःची बायको अशीच बदनामी सोसून नुकती गेली होती, त्यामुळे तो पेगीच्या बाजूने हटून बसला. १८३१ मध्ये जवळपास अख्खं मंत्रिमंडळ गेलं. लेखकाला हे म्हणायचं असावं.

प्रतिसाद : त्या राजीनाम्यांवर एडवर्ड क्लेचं १८३१ चं झकास व्यंगचित्र आहे. जॅक्सनची खुर्ची मोडतेय, माणसांची तोंडं असलेले चार उंदीर पळतायत आणि त्यातल्या एकाच्या, परराष्ट्रमंत्री व्हॅन ब्युरेनच्या, शेपटीवर जॅक्सनचा पाय. हा व्हॅन ब्युरेन विधुर, त्यामुळे घरून अडवणारं कुणी नाही. पेगीशी सौजन्याने वागला आणि पुढे अध्यक्षही झाला. आपल्याकडे घर फिरलं की वासे फिरतात, तिथे उंदीर पळतात. मात्र जिच्यावरून एवढं रामायण, ती पेगी चित्रात कुठेच नाही.

प्रतिसाद : पण मंत्र्यांपुढे बाई उभी असलेलं चित्र मी पाहिलंय. ती पेगीच ना?

प्रतिसाद : ती नर्तकी मादाम सेलेस्त. ते चित्र १८३६ चं, म्हणजे ईटनचं मंत्रिपद जाऊन पाच वर्षं झाल्यावरचं. पेगी म्हणून ते सर्रास छापलं जातं.

प्रतिसाद : उंदरांच्या चित्राला अर्कचित्र म्हणायचं का?

प्रतिसाद : चेहरे तेवढे अर्कचित्रासारखे. एखाद्याची ठेवण ताणून काढली की अर्कचित्र. इथे घटनेवर टोला आहे, तेव्हा व्यंगचित्रच.

प्रश्नकर्ता : आभार. मग किचन कॅबिनेटला मराठीत ‘चौकडी’ चालेल?

प्रतिसाद : चौकडीला कारस्थानाचा वास येतो. ‘कोंडाळं’ जास्त जवळचं. मला विचाराल तर ‘मुदपाकखान्यातले मंत्री’, पण संपादक कापतील.