आयर्विन पुलावरची उडी

विहिरीतल्या पहिल्या उडीची तुमची आठवण वाचली आणि आमचा सांगलीचा आयर्विन पूल डोळ्यांपुढे आला. १९२९ सालचा, कृष्णेवरचा. पाणी चढलं की पट्टीची पोहणारी पोरं कठड्यावरून उड्या ठोकायची. मी सोळाव्या वर्षी ठोकली. ओला दगड तळपायाला गार लागत होता, खाली गढूळ पाणी खांबांना आपटून भोवरे करत होतं. काका एवढंच म्हणाले, "धारेशी भांडू नकोस, तिरका काठाला ये." आत नुसता अंधार. वर आलो तर पूल केवढा मागे राहिलेला! घाटाची पायरी धरली तेव्हा बोटं थरथरत होती. पुलापाशी पुराची इशारा पातळी, म्हणजे पाणी तिथवर आलं की लोकांना सावध करतात ती, ४० फुटांची. पाणी तिच्या जवळ गेलं की काका कुणालाच कठड्यावर चढू देत नसत, आणि ते बरोबरच होतं.