रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाहीये, लोगोवरच अडकतं – मदत हवी आहे

मंडळी, कालपासून डोकं पिकलंय. आवाज रेकॉर्ड करायला जे सॉफ्टवेअर वापरतो त्यावर डबल क्लिक केलं की लोगो येतो, खाली प्लगइन्सची (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राम्सची) नावं भराभर पळतात आणि एका ईक्यूच्या (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या प्लगइनच्या) नावावर येऊन जे थांबतं ते थांबतंच. टास्क मॅनेजरमधून बंद करून परत चालू केलं, मशीन रीस्टार्ट केलं, शेवटी वैतागून अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तरी तिथेच गाडी अडते. विंडोज ११, रॅम १६ जीबी, यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (तो डबा चालवणारं सॉफ्टवेअर) नवाच आहे. इंटरफेस काढून पाहिला, फरक शून्य. परवा एक रिव्हर्ब (आवाज घुमवणारं प्लगइन) टाकलं होतं हे खरं, पण अडकतंय ईक्यूवर, जे गेलं वर्षभर नीट चालतंय! कोणाला असा अनुभव?

प्रतिसाद:
पुन्हा टाकून काही होणार नव्हतंच, कारण प्लगइन्स सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतात. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३ नावाचं फोल्डर, तिथे बसलेले असतात, सॉफ्टवेअर गेलं तरी ते तिथेच. आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नावावर फार जाऊ नका, ते बदलायच्या आत पुढचं प्लगइन लोड व्हायला गेलेलं असू शकतं. सॉफ्टवेअर बंद ठेवून रिव्हर्बची फाइल तिथून उचलून डेस्कटॉपवर ठेवा (डिलीट नको) आणि मग उघडून बघा. तरी नाही उघडलं तर अर्धी प्लगइन्स बाहेर काढा, उघडलं तर घोळ त्या अर्ध्यात, असं करत करत सापडतं. पण त्याआधी एक सोपी गोष्ट, लोगो अडकलेला असताना ऑल्ट टॅब दाबून बघा, कधीकधी प्लगइन लायसन्स मागत असतं आणि त्याची खिडकी लोगोच्या मागे दडलेली असते.

धागाकर्ता:
अहो सापडलं! ऑल्ट टॅब दाबलं तर मागे रिव्हर्बची इवलीशी खिडकी, 'अ‍ॅक्टिव्हेट' की 'ट्रायल' विचारत होती. ट्रायल दाबलं आणि दोन सेकंदात सगळं उघडलं. मी कालपासून त्या लोगोकडे बघत बसलोय आणि ती बिचारी मागे उत्तराची वाट बघत उभी. बाकी ईक्यूला उगाच शिव्या घातल्या.