गोव्यात कायमचं राहायचं असेल तर समुद्रकाठ सोडा, फोंड्यात घर बघा

कोथरूडकर

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. मुलगी बंगळुरूला स्थिरावली आहे आणि पुण्याची गर्दी आता आम्हा दोघांना सोसत नाही. गोव्यात राहायला जायचं एवढं पक्कं आहे. कुठल्या गावात, यावर मात्र घरात एकमत नाही. माझं मत ठामपणे मांडतो, ज्यांना पटत नाही त्यांनी तितक्याच ठामपणे खोडून काढावं.

गोव्यात घर म्हटलं की लोक कळंगुट, हणजूण, वागातोर अशी नावं घेतात. तो पट्टा पाहुण्यांसाठी उभा राहिला आहे. डिसेंबरात तिथे रस्त्यावरून धड चालता येत नाही आणि जुलैत निम्मी दुकानं बंद असतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी नवी माणसं येतात, म्हणजे शेजार असा नाहीच. समुद्र मी महिन्यातून एकदा-दोनदा बघायला जाईन. भाजी, औषधं, बँक हे मात्र रोजचं.

म्हणून फोंडा. बाजार बारमाही, कारण तो गावकऱ्यांचा आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सगळी देवस्थानं हाकेच्या अंतरावर. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी, बारदेश भागांतली देवळं पाडली गेली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणले, कारण तिथे पोर्तुगीज सत्ता पोचली नव्हती. ती पोचली थेट अठराव्या शतकात. त्यामुळे इथल्या जत्रा, पालख्या, कीर्तनं पर्यटनासाठी चालत नाहीत, ती लोकांची आहेत. राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाटकं होतात. पणजी तीसेक किलोमीटर, मडगाव त्याहून जवळ. घरांचे दरही पणजीपेक्षा बरेच कमी. अजून काय हवं?

मांडवीकाठ

काका, किनारपट्टीबद्दल तुम्ही लिहिलंय ते शब्दशः पटलं. फोंड्याचं नाही पटलं.

साठीनंतर गाव निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा. रात्री दोनला छातीत दुखू लागलं तर काय? गोव्यात गंभीर आजाराची सगळी वाट शेवटी बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाते. म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा रुग्णालयसुद्धा अवघड रुग्ण तिथेच पाठवतात. पणजीहून बांबोळी सहा-सात किलोमीटर. फोंड्याहून बाणस्तारी, जुने गोवे करत यायला रस्ता मोकळा असला तरी अर्धा-पाऊण तास जातो. माझ्या सासऱ्यांना मेंदूचा झटका आला तेव्हा आम्ही वेळेत पोचलो, ते केवळ पणजीला लागून ताळगावात राहत होतो म्हणून. त्यानंतर या विषयावर मला दुसरं मत ठेवताच येत नाही.

एक सांगून ठेवते. गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क आहे, आणि राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डासाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तेव्हा निवृत्तीबरोबर पुण्यातला मेडिक्लेम सोडू नका.

दुसरं म्हणजे पाय. पणजीत माणूस गाडीशिवाय जगू शकतो. मिरामारला फिरणं, कांपालला कला अकादमी, पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय (१८३२ सालापासूनची परंपरा आहे त्याला), बाजार, पोस्ट, सगळं चालत किंवा बसने. तुम्ही सत्तरीतही गाडी चालवणार आहात का?

कोथरूडकर

ताई, इस्पितळाचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण पणजीचं दुसरं अंगही सांगा ना. स्मार्ट सिटीच्या नावाखाली वर्षानुवर्षं रस्ते खणलेले. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की १८ जून नावाच्या रस्त्यावर आणि मळा भागात पाणी तुंबतं. संध्याकाळी कॅसिनोंच्या गाड्यांनी मांडवीकाठचा रस्ता भरतो. आणि पाणी? पणजी आणि फोंडा दोघांनाही ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातूनच येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टीजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा पणजीचा तिसवाडी आणि फोंडा, दोन्ही तालुके कित्येक दिवस कोरडे होते. मग पणजीचे दर मोजून अधिक काय मिळालं?

साष्टीतली

तुम्ही दोघं पणजी-फोंडा करत बसलात, मडगाव कुठे गेलं?

मी वेर्ण्याला औषध कंपनीत काम करते, आईवडिलांना साताऱ्याहून इथे आणून फातोर्ड्यात ठेवलं आहे. मडगाव निवडण्याचं कारण रेल्वे. मुंबईची वंदे भारत, जनशताब्दी, तेजस, मांडवी, कोकणकन्या या सगळ्या गाड्या इथून सुटतात. वडिलांना गावाकडे लग्नकार्याला जायचं असलं तर स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर. फोंड्याला रेल्वे नाही. पणजीला करमळी आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आणि रात्री स्टेशनाबाहेर वाहन मिळवणं त्रासाचं.

बांबोळी मडगावहून लांब आहे हे खरं. पण वाटेतल्या जुवारी नदीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ आणि २०२३ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झाला आणि आमचं आयुष्य बदललं. जुन्या पुलावर तास-तास अडकायचो, आता तो रस्ता सरळ निघतो. शिवाय जिल्हा रुग्णालय गावातच आहे.

शहर म्हणून मडगाव पणजीइतकं देखणं नाही, सोनसोड्याच्या कचऱ्याचा प्रश्न कित्येक वर्षं भिजत पडला आहे, बाजारात पार्किंग मिळत नाही. पण ते खरं व्यापारी गाव आहे, बारा महिने चालणारं. मे-जूनमध्ये पुरुमेंताचं फेस्त भरतं तेव्हा एकदा या. अख्खं गाव पावसाळ्याची बेगमी करत असतं: सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कोकम. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ही बेगमी नुसती हौस नाही. आईला गोवा आपला वाटायला लागला तो त्या बाजारात. आणि दिंडी उत्सवाला हरिमंदिराकडची गर्दी पाहिली की फोंड्याची आठवण येणार नाही.

नाविक_निवृत्त

वास्कोचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. दाबोळी विमानतळ शेजारी, स्टेशन गावात, चिखलीला सरकारी इस्पितळ, आणि भाडी या चर्चेतल्या सगळ्या गावांपेक्षा हलकी. तरीही साठीच्या माणसाला मी वास्को सुचवणार नाही. बंदरातल्या कोळशाची भुकटी गॅलरीत बसते, आणि दम्याचा त्रास असलेल्यांचे हाल मी शेजारी पाहिले आहेत.

हवेबद्दल सगळ्यांसाठीच सांगतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. लख्ख ऊन हे ऑक्टोबर ते मे. उरलेले चार महिने कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर, पुस्तकांवर, गाद्यांवर बुरशी येते. किनाऱ्याजवळ खारी हवा खिडकीचे गज आणि एसीचं बाहेरचं यंत्र खाऊन टाकते. फोंड्यात खार नाही, पण पाऊस जास्त. ज्याला सांधेदुखी आहे त्याने एक अख्खा पावसाळा भाड्याने राहून बघितल्याशिवाय सही करू नये.

म्हापशेकार

मी बारदेशातला. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. तुम्ही सगळे चांगल्या मनाने लिहिताय हे दिसतंय, म्हणून बोलतो.

गाव कुठलं निवडायचं याआधी, तुमचं घर कशावर उभं राहणार आहे हे बघा. आमच्या आजूबाजूच्या गावांत डोंगर कापून बंगले झाले. नगरनियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९अ ही कलमं वापरून शेतं, बागायत यांचे झोन बदलले गेले. त्याविरुद्ध गावकरी ग्रामसभांत भांडले, उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येऊ नये म्हणून कायदा करावा लागला, इतकी वेळ आली होती. उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटतात आणि टेकडीवरच्या गेट लावलेल्या वसाहतीत पोहण्याचा तलाव भरलेला असतो. माझ्या चुलत भावाला स्वतःच्याच वाड्यात, म्हणजे वस्तीत, भाड्याची खोली परवडेना.

राहायला येऊ नका असं मी म्हणत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाहेरून येऊन रुजलेली कितीतरी माणसं आहेत, आमचीच झालीत. पण शहरात, आधी बांधलेल्या इमारतीत घर घ्या. जुनं घ्या. ‘शेताचं दृश्य’ अशी जाहिरात असलेल्या नव्या बंगल्याकडे फिरकू नका. आणि कोंकणी शिका. मराठी इथे बहुतेकांना कळते, म्हणून तेवढ्यावर निभावून नेऊ नका.

डोंबिवली_फास्ट

म्हापशेकार, हे मला खटकलं. देशात कुठेही राहायचा हक्क प्रत्येकाला आहे. मुंबईत सगळ्या राज्यांतली माणसं येतात, आम्ही कधी कोणाला घराचं वय विचारलं? जमीन विकणारेही गोंयकारच आहेत. भाव वाढले की विकायचं आणि नंतर बाहेरच्यांना दोष द्यायचा, हे न्याय्य नाही.

म्हापशेकार

हक्क नाही असं कुठे लिहिलं मी? विकणारे आमच्यातले आहेत, हे खरंय, आणि त्यांच्याशी आम्ही रोज भांडतो. पण मुंबई आणि गोवा एका मापात बसत नाहीत. सबंध राज्य ३७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात अभयारण्यं, नद्या, खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या) जमिनी. इथे एक टेकडी गेली की तिच्या खालच्या वाड्याचं पाणी गेलं. काका निवृत्त होऊन येताहेत, वीस-पंचवीस वर्षं राहणार आहेत. त्यांना शेजारी हवेत. शेजाऱ्यांचं पाणी तोडून उभ्या राहिलेल्या घरात शेजार मिळणार नाही.

सनद_बघा

दस्तऐवजांचं काम करते, त्यामुळे तेवढंच लिहिते. गाव कुठलंही घ्या, पुढचं तपासा.

एक-चौदाचा उतारा (आपल्याकडच्या सातबारासारखा) आणि सर्व्हे नकाशा बघा, त्यात कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कोणाचं नाव लागलंय का ते नीट वाचा. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, ते नाव तोंडी बोलण्याने जात नाही. जमीन बिगरशेती झाल्याची सनद आणि झोनचा दाखला मागा. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामुदायिक मालकीची, आहे का विचारा. आणि पुण्यातल्या माणसाच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे गोव्यात समान नागरी कायदा पोर्तुगीज काळापासून आहे. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही लागतेच. वडिलोपार्जित घर असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार. त्यातला एक लिस्बनला आणि एक लंडनला असतो. जुन्या घराचा मोह होतो तेव्हा हे आठवा. २०२२ मध्ये जमीन हडप प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावं लागलं, ते अशाच गैरहजर वारसांच्या मालमत्तांमुळे.

म्हापशेकार म्हणतात ते कायद्याच्या बाजूनेही बरोबर आहे. शहरातल्या जुन्या सोसायटीत, वापर दाखला असलेल्या इमारतीत, कटकटी सर्वांत कमी.

कोथरूडकर

मी सौ. कोथरूडकर लिहितेय, ह्यांच्याच खात्यावरून. ह्यांनी धागा काढला आणि माझं मत लिहिलंच नाही.

मी गाडी चालवत नाही. पुण्यात चाळीस वर्षं मी बसने आणि पायी फिरले, माझ्या मैत्रिणी त्यातूनच झाल्या. फोंड्याची देवळं मलाही प्रिय आहेत, शांतादुर्गा आमची कुलस्वामिनी आहे. पण त्यातलं एकही देऊळ फोंडा बाजारातून चालत जाण्यासारखं नाही. प्रत्येक वेळी ह्यांनी नेलं तर जाणार, नाहीतर बसची वाट. ह्यांना काही झालं, किंवा ह्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली, तर त्या गावात मी घरात अडकून पडेन. मांडवीकाठ ताईंनी पायांचा मुद्दा मांडला, त्याला ह्यांनी उत्तरच दिलं नाही, थेट पाण्याच्या वाहिनीवर गेले.

मला रोज सकाळी कोणाला न विचारता घराबाहेर पडता आलं पाहिजे. मडगावचा बाजार वाचून मन तिकडे ओढ घेतंय हेही खरं. पणजीत किंवा मडगावात भाड्याने बिऱ्हाड करून जून ते सप्टेंबर काढायला मी तयार आहे. कोणता भाग बघू?

मांडवीकाठ

काकू, पणजीत भाटले किंवा सांतिनेज बघा. मळा नको, पावसात पाणी येतं. रायबंदर स्वस्त पडेल पण रस्ता अरुंद आणि चालायला पदपथ नाही. परवरी कोणी सुचवलं तर महामार्गावरच्या उन्नत मार्गाचं काम संपेपर्यंत थांबा. घर पहिल्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीला ओल नसलेलं घ्या, भर पावसात जाऊन भिंतीला हात लावून बघा.

साष्टीतली

मडगावात बोर्डा किंवा कोंब. कोंबहून बाजार चालत. कवळ्याला शांतादुर्गेला जायला मडगाव-फोंडा बस दिवसभर आहेत, फक्त रात्री आठनंतर विरळ होतात, म्हणून संध्याकाळच्या आरतीला न जाता सकाळी निघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर कळवा, घरमालकांशी आई बोलून ठेवेल.

कोथरूडकर

देव बरें करूं. कोंबला दोन खोल्या बघायला सांगा, आणि पणजीत भाटल्याला. ह्यांचं म्हणणं, ऑगस्टात फोंड्यातही महिनाभर राहून बघू. त्याला मी हो म्हटलंय.