मुराकामी: कलाकार की बॅगांचा रंगारी?

खडूस: जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीने 2003 मध्ये लुई व्हितॉंच्या बॅगा रंगवल्या, तिथेच विषय संपला. लोककथेच्या नावाखाली कार्टूनं खपवतोय. योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली भुतं, जगवली ती कॉमिक्सवाल्या मिझुकी शिगेरूंनी.

साळसूद: गप्प बसणार होतो, पण 'रंगारी' वाचून राहवेना. निहोंगामध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रकलेत, डॉक्टरेट आहे त्याची. बॅगांवरून नजर काढून '500 अर्हत' हे बुद्धशिष्यांचं चित्र बघा. 2011 च्या त्सुनामीनंतर केलेलं, शंभर मीटर लांब. आणि शुद्ध लोककथा कुठली हो? चित्रकार तोरियामा सेकिएनने 1776 मध्ये योकाईंचं चित्रपुस्तक छापलं, पुढच्या पुस्तकांत तर कित्येक भुतं स्वतःच्या डोक्यातली घुसवली. विकायलाच. आज ती 'परंपरा'!

खडूस: शंभर मीटर त्याने एकट्याने रंगवले? मदतनिसांची फौज होती. 'करून घेतलेलं' म्हणा.

साळसूद: जुन्या चित्रकार होकुसाईच्या छापचित्रांचे लाकडी ठसे तरी कोण कोरायचं? कारागीरच ना! आणि मिझुकींच्या साकाइमिनातो गावात रस्ताभर योकाईंचे पावणेदोनशेहून जास्त कांस्यपुतळे आहेत, पर्यटक तेच बघायला जातात. पुतळा चालतो, बॅग नको?

पावसाळी: अवांतर: आपला गणपतीही तिकडे कांगितेन म्हणून आहे ना? उद्या त्याचं असलं कार्टून केलं तर चालेल का?

तोक्योकर: 'आपला' जरा जपून म्हणा. तोक्योत आसाकुसाजवळ त्याच्या मात्सुचियामाच्या देवळात गेलो होतो. मूर्ती झाकलेली, दर्शन नाहीच. नैवेद्याला मुळा! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाप्पाला मुळा? आणि तू वाहिलास?" दोन दिवस बोलली नाही.

पावसाळी: अरेरे. मोदक नाहीच?

तोक्योकर: क्योतोत कान्किदान मिळतं. आकार मोदकासारखा, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण, पण तळलेलं.

पावसाळी: तळलेलं? मग कसला मोदक!

वऱ्हाडी_ठेचा: झालं सुरू! आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तळणीचेच होतात. उकडीचा तेवढा खरा, बाकीचे काय कार्टून? हा कोकणी माज इथे नको.

पावसाळी: माज नाही, चव आहे. हलकेच घ्या.

वऱ्हाडी_ठेचा: नाही घेत. माझ्या आजीच्या हातचा खाऊन मग बोला.

साळसूद: खडूसराव, तुमचाच वाद चाललाय, फक्त मोदकावर. तुम्ही कुठल्या बाजूला?

खडूस: तळणीच्या. आणि सेकिएनचं मान्य, झालं समाधान? बॅग मात्र देव्हाऱ्यात ठेवणार नाही.

तोक्योकर: ठेवायला आधी परवडायला हवी.